छंद म्हणून विमानोड्डाण : मायक्रोलाइट वैमानिकाचे शिक्षण आणि पिंपरी-चिंचवड–चाकण औद्योगिक पट्टा

गोषवारा : अतिहलक्या, म्हणजेच मायक्रोलाइट विमानाचा हौशी वैमानिक होण्यासाठी काय शिकावे लागते, ते कोणत्या क्रमाने शिकवले जाते आणि त्यामागील शास्त्र कोणते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. हे विवेचन पिंपरी-चिंचवड–चाकण पट्ट्यातील हवामान, भूभाग व हवाई हद्द यांच्या संदर्भात असून, या शिक्षणात महाविद्यालयांना कोणता सहभाग घेता येईल याचाही विचार केला आहे.

बीजसंज्ञा : मायक्रोलाइट, हौशी वैमानिक, स्टॉल, घनता-उंची, राष्ट्रीय छात्र सेना, लोहगाव

प्रस्तावना

काही वर्षांपूर्वी भोसरीतील एका टूलरूममध्ये दिवसा काम करून सायंकाळी वर्गात येणाऱ्या एका विद्यार्थ्याने प्रश्न विचारला : “सर, विमान चालवायला शिकायचे असेल, पण नोकरीसाठी नव्हे, तर काय करावे?” वर्ग हसला. प्रस्तुत लेखकाला उत्तर देता आले नाही. व्यावसायिक वैमानिक होण्याचा मार्ग बहुतेकांना ऐकून ठाऊक असतो. दोनशे तासांचे उड्डाण, लाखो रुपयांचे शुल्क, त्यासाठी काढलेले कर्ज आणि अखेरीस एखाद्या विमान कंपनीची नोकरी, असे त्याचे स्वरूप असते. त्या मार्गाबाहेर, केवळ आवड म्हणून, रविवारी सकाळी तासभर आकाशात जाऊन येण्यासाठी विमान शिकता येते ही कल्पनाच आपल्याकडे अपरिचित आहे. या प्रश्नाचे उत्तर शोधताना जे हाती लागले ते सहकारी प्राध्यापकांपुढे मांडावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

वास्तविक आपल्याकडील विमानोड्डाणाचा आरंभ हौशी मंडळींनीच केला. मुंबई फ्लाइंग क्लबची स्थापना १९२८ ची. तेथे शिकलेल्या जे. आर. डी. टाटा यांना १० फेब्रुवारी १९२९ रोजी वैमानिकाचा परवाना मिळाला व त्यावर क्रमांक १ होता. त्या वेळी ते विमान कंपनीचे मालक नव्हते, उडण्याचे वेड असलेले एक तरुण होते. कराची ते मुंबई ही टपालसेवा त्यानंतर, १५ ऑक्टोबर १९३२ रोजी सुरू झाली. ज्या समूहाचे ते पुढे दीर्घकाळ अध्यक्ष होते, त्याचा मोटार कारखाना १९६० च्या दशकापासून पिंपरीत उभा आहे. त्या कारखान्याच्या फाटकासमोरून रोज जाणाऱ्या किती जणांना हा दुवा ठाऊक असेल, हा वेगळा प्रश्न.

मायक्रोलाइट विमानाचे स्वरूप

मायक्रोलाइट म्हणजे जास्तीत जास्त दोन आसनांचे, अत्यंत कमी वजनाचे आणि अत्यंत कमी वेगातही हवेत तरंगू शकणारे विमान. प्रवासी, इंधन व सामान यांसह एकूण वजन सुमारे ४५० किलो ही मर्यादा अनेक देशांत दीर्घकाळ रूढ होती. ब्रिटनने २०२१ मध्ये ती ६०० किलोपर्यंत वाढवली. अमेरिकेत १९८२ पासून एक वेगळाच प्रकार मान्य आहे. एकाच आसनाचे आणि रिकामे वजन २५४ पौंडांहून, म्हणजे सुमारे ११५ किलोंहून, कमी असलेले यान चालवण्यास तेथे परवानाच लागत नाही. आपल्याकडे अशी सवलत नाही, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते दाट वस्तीच्या प्रदेशात ती नसणेच योग्य आहे.

वजनाची मर्यादा कागदावर किरकोळ वाटते. विमानात बसल्यावर ती प्रत्येक किलोला जाणवते. समजा, रिकामे विमान २८० किलोचे आहे. शिक्षक आणि शिकाऊ प्रत्येकी ८० किलोचे धरले, तर बेरीज ४४० होते. उरले दहा किलो. पेट्रोलच्या हिशेबात ते सुमारे चौदा लिटर, म्हणजे ऐंशी अश्वशक्तीच्या इंजिनाला जेमतेम तासभराचे इंधन. त्यातही राखीव इंधन वजा केले पाहिजे. सबब शिकाऊ वैमानिकाचा पहिला पाठ पुष्कळदा वजनकाट्यावर होतो. भारवहन आणि गुरुत्वमध्य यांचे गणित अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला नवे नसते. परंतु आपल्याच शरीराचे वजन त्या समीकरणात घालण्याची वेळ त्याच्यावर क्वचितच आलेली असते.

इंजिनाच्या बाबतीत मात्र या पट्ट्यातील मनुष्य घरच्या अंगणात असतो. बहुसंख्य मायक्रोलाइटमध्ये ऑस्ट्रियातील रोटॅक्स कंपनीची इंजिने असतात. जुन्या विमानांत दोन स्ट्रोकचे, सुमारे पासष्ट अश्वशक्तीचे ५८२ हे इंजिन आढळते. नव्या विमानांत चार सिलिंडरांचे, चार स्ट्रोकचे, १,२११ घनसेंटीमीटरचे व ऐंशी अश्वशक्तीचे ९१२ हे इंजिन असते. ते मिनिटाला ५,८०० फेऱ्यांपर्यंत फिरते आणि पंख्याला तेवढा वेग सोसत नसल्याने मध्ये गिअरपेटी बसवलेली असते. सिलिंडर हवेने व त्यांची डोकी पाण्याने थंड होतात. आकुर्डी वा चाकण येथे मोटारसायकलीच्या इंजिनांवर आयुष्य घालवलेल्या कारागिराला यात आश्चर्य वाटण्यासारखे थोडेच आहे. फरक एवढाच की मोटारसायकलीचे दोन स्ट्रोक इंजिन तापून अडकले तर चालक रस्त्याच्या कडेला थांबतो. येथे कडा नसते, म्हणून शिक्षणाचा मोठा भाग इंजिन बंद पडेल या गृहीतकावर रचलेला असतो.

येथे एक विसंगतीही नोंदवावी लागेल. बंगळूरच्या राज हंस अल्ट्रालाइट्स या कंपनीने बनवलेले एक्स-एअर हे मायक्रोलाइट ब्रिटन व फ्रान्समधील हौशी वैमानिकांनी उडवले. भारतात बनलेल्या या यानावर भारताबाहेर अनेक सामान्य माणसे उड्डाण शिकली. भारतातील सामान्य माणसाला मात्र ते कसे दिसते हेही बहुधा ठाऊक नसते.

प्रशिक्षणाचा क्रम

प्रशिक्षणाचा आरंभ जमिनीवर होतो. विमानाभोवती ठरावीक दिशेने एक प्रदक्षिणा घालून प्रत्येक बिजागर, तार, नट-बोल्ट, टायर, तेलाची व शीतकाची पातळी हाताने तपासावी लागते. इंधनटाकीच्या तळाशी साचलेले पाणी काढून पाहावे लागते. ही तपासणी कंटाळवाणी होते आणि नेमकी तेथेच शिकाऊची परीक्षा असते. कारखान्यात गुणवत्ता विभागात काम केलेली माणसे या बाबतीत महाविद्यालयीन तरुणांपेक्षा सरस ठरावीत असे वाटते, कारण तपासणीपत्रकावर न पाहता खूण करण्याचे परिणाम त्यांनी पाहिलेले असतात.

हवेतील पहिले काही तास नियंत्रणांचे परिणाम समजून घेण्यात जातात. दांडी पुढे-मागे केल्यास शेपटीवरील एलिव्हेटर हलतो व नाक खाली-वर होते. दांडी बाजूला झुकवल्यास पंखांवरील एलेरॉन हलून विमान कलते, आणि पायांनी रडर फिरवल्यास नाक डावी-उजवीकडे वळते. विमान रडरने वळत नाही, ते कलण्याने वळते, ही गोष्ट मोटार चालवणाऱ्याच्या अंगवळणी पडायला वेळ लागतो. कलताना वर गेलेल्या पंखाला अधिक रोध होतो व नाक क्षणभर उलट दिशेला जाते. ती चूक सावरणे हेच रडरचे मुख्य काम. सायकलस्वाराला हे लवकर समजते, कारण तोही वळताना अंग कलवतो.

यानंतरचा टप्पा स्टॉलचा. सर्वसामान्य समजूत अशी की विमानाचा वेग फार कमी झाला म्हणजे ते पडते. शास्त्रीयदृष्ट्या हे अपुरे आहे. पंख हवेच्या प्रवाहाशी करत असलेला कोन सुमारे पंधरा अंशांच्या पुढे गेला की पंखाच्या वरच्या पृष्ठावरील प्रवाह सुटतो आणि उत्थापन कोसळते. हे कोणत्याही वेगाला होऊ शकते. सरळ उड्डाणात ताशी ६० किलोमीटरला स्टॉल होणारे विमान ४५ अंश कलवून समतल वळवले, तर पंखांवरील भार १.४१ पट होतो व स्टॉलचा वेग सुमारे ७१ पर्यंत जातो. ६० अंशांत भार दुप्पट आणि स्टॉलचा वेग ८५. म्हणजे जो वेग सरळ जाताना पूर्ण सुरक्षित, तोच तीव्र वळणात घातक ठरतो.

या आकड्यांचा प्रत्यक्ष अर्थ उतरण्याच्या वेळी कळतो. धावपट्टीसमोर येण्यासाठी शेवटचे वळण घेताना शिकाऊ उशीर करतो आणि धावपट्टीची रेषा ओलांडून पुढे जातो. मग घाईने वळण आवळतो, जमीन जवळ असल्याने अधिक कलण्याची भीती वाटते म्हणून रडरने नाक ओढतो, आणि नाक खाली जाऊ लागताच दांडी मागे खेचतो. कोन वाढतो, आतला पंख आधी स्टॉल होतो व विमान गिरकी घेत खाली जाते. उंची शंभर मीटर असेल तर सावरायला जागाच उरत नाही. जगभरातील हलक्या विमानांच्या अपघातांमध्ये हा प्रकार इतका परिचित आहे की चांगला शिक्षक तो सुरक्षित उंचीवर मुद्दाम करून दाखवतो. त्यावरील उपाय एका वाक्यात मावतो : रेषा चुकली तर थ्रॉटल पुढे करावा, सरळ वर जावे आणि पुन्हा फेरी घ्यावी. हे वाक्य सर्वांना पाठ असते. लाज वाटत असताना ते अमलात आणणे हे खरे शिक्षण. आपल्या परीक्षापद्धतीत वाढलेल्या विद्यार्थ्याला ‘पुन्हा प्रयत्न करतो’ असे स्वतःहून म्हणणे किती अवघड जाते, हे आपण शिक्षक जाणतोच.

उड्डाण, वळण, धावपट्टीला समांतर परत येणे, पुन्हा दोन वळणे आणि अवतरण, हा आयत म्हणजे सर्किट. शिक्षणातील सर्वाधिक तास यावर खर्च होतात, कारण एका तासात सहा-सात अवतरणे साधता येतात. अवतरणातील कठीण भाग शेवटच्या दोन-तीन मीटरांचा असतो. त्या क्षणी नजर चाकाजवळ न ठेवता धावपट्टीच्या दूरच्या टोकावर ठेवावी लागते. नजर जवळ राहिली की उंचीचा अंदाज चुकतो आणि विमान एकतर आपटते किंवा वरच तरंगत राहते.

इंजिन बंद पडण्याचा सराव सर्किटबरोबरच चालतो. प्रशिक्षक न सांगता थ्रॉटल मागे घेतो व विचारतो, “आता कोठे?” गणित सोपे आहे. एक मीटर उतरताना नऊ मीटर पुढे जाणारे विमान तीनशे मीटरांवरून शांत हवेत २.७ किलोमीटर जाईल. हवेच्या संदर्भात ताशी ८० किलोमीटर वेगाने जाताना समोरून ताशी ३० किलोमीटरचा वारा असेल, तर हेच अंतर १.७ किलोमीटरवर येते. उड्डाणानंतर लगेच इंजिन थांबले तर धावपट्टीकडे परत वळू नये, नाक खाली करून समोरच्या अर्धवर्तुळात जे मिळेल तेथे उतरावे, हा नियम अशाच हिशेबातून आलेला आहे.

मग एके दिवशी शिक्षक विमानातून उतरतो, पट्टा बांधून ठेवतो आणि एक फेरी मारून ये, असे सांगतो. एकल उड्डाणाचे वर्णन अनेकांनी केले आहे. त्यातील एक बाब भौतिकशास्त्राची आहे : ऐंशी किलो कमी झाल्याने विमान अपेक्षेपेक्षा लवकर जमीन सोडते, वेगाने चढते, आणि उतरताना खाली बसायला तयार होत नाही. शिक्षकाने हे आधी सांगितले नसेल तर शिकाऊ गोंधळतो.

त्यापुढे नकाशा, होकायंत्र व घड्याळ यांच्या साहाय्याने एका ठिकाणाहून दुसरीकडे जाणे शिकवले जाते. लेखी विषय चार : हवाई नियम, दिशानिर्धारण, हवामान आणि विमान व इंजिन. रेडिओ वापरण्याचे प्रमाणपत्र वेगळे असते. ते पूर्वी दूरसंचार खात्याकडून मिळे. भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ ने, जो १९३४ च्या कायद्याच्या जागी १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला, ही जबाबदारी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे आणली. तासांच्या बाबतीत तुलना उद्बोधक आहे. ब्रिटनमध्ये मायक्रोलाइटच्या पूर्ण परवान्यासाठी किमान २५ तास लागतात, अमेरिकेत २००४ पासूनच्या स्पोर्ट वैमानिक परवान्यासाठी २० तास. भारतात सर्वसाधारण विमानांच्या खाजगी परवान्यासाठी किमान ४० तास, सतरा वर्षे वय व दहावी उत्तीर्ण ही अट आहे. मायक्रोलाइटसाठी भारतीय नियमांत स्वतंत्र तरतूद आहे. तिचा लाभ घेणारे थोडे आहेत, कारण शिकवणाऱ्या जागाच थोड्या.

दख्खनच्या पठारावरील हवा

परदेशी पाठ्यपुस्तके बहुधा समुद्रसपाटीजवळच्या थंड हवेत लिहिलेली असतात. आपला पट्टा पठारावर आहे. लोहगावची उंची ५९२ मीटर. प्रमाणित वातावरणात या उंचीवर सुमारे ११ अंश सेल्सिअस तापमान अपेक्षित असते. एप्रिलच्या दुपारी ते ३८ अंश असते. प्रत्येक जादा अंशासाठी सुमारे ३७ मीटर या ठोकताळ्याने हिशेब केला, तर विमान ज्या हवेत उडते ती सुमारे १,५७० मीटर उंचीवरील हवेइतकी विरळ ठरते. म्हणजे पुण्यात जमिनीवर उभे असलेले विमान दुपारी दोन वाजता महाबळेश्वरच्याही वर असल्याप्रमाणे वागते. हवेची घनता समुद्रसपाटीच्या तुलनेत सुमारे चौदा टक्क्यांनी घटते, इंजिनाची शक्ती जवळजवळ त्याच प्रमाणात कमी होते, आणि उड्डाणासाठी लागणारी धाव सामान्य ठोकताळ्यानुसार दीडपट होते. वेगदर्शकाचा काटा मात्र नेहमीचाच वेग दाखवतो. प्रत्यक्ष जमीन अधिक वेगाने मागे पळत असते, हे शिकाऊला जाणवते आणि तो घाबरून वेग कमी करतो. हीच ती चूक.

म्हणून पुणे परिसरातील हलक्या विमानांची शाळा पहाटेची असावी लागते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात सूर्योदयापासून सुमारे दहा वाजेपर्यंत हवा स्थिर असते. तरीही पवना व इंद्रायणीच्या खोऱ्यांत धुके साचते, आणि औद्योगिक धूर तापमानाच्या उलट्या थराखाली अडकून दृश्यता घटवतो. उन्हाळ्यात दहानंतर उष्ण हवेचे स्तंभ उठू लागतात. ग्लायडरचालकांना ते हवेहवेसे वाटतात, मायक्रोलाइटमधील शिकाऊला मात्र ते हेलकावे देतात. मे महिन्यातील वळवाच्या ढगापुढे धावणारा थंड वारा तर धुळीच्या भिंतीसारखा येतो. तो दिसण्याच्या आधी विमान दोरांनी बांधलेले असले पाहिजे. पावसाळ्याचे चार महिने जवळजवळ सोडूनच द्यावे लागतात. ढग खाली असतात, आणि पश्चिमेचा जोरदार वारा सह्याद्रीच्या कड्यांवरून ओसंडताना मावळाच्या बाजूला भोवरे निर्माण करतो.

आणीबाणीत उतरण्याच्या शेताचा विचारही स्थानिकच असावा लागतो. मावळातील भातखाचरे वरून सपाट दिसतात. प्रत्येकाला बांध असतो. खेड तालुक्यात, विशेषतः चाकणच्या परिसरात, काढणीनंतरचे कांद्याचे वा ज्वारीचे रान तुलनेने बरे. मे महिन्यातील नांगरटीत उतरायचेच झाले तर तासांच्या दिशेने उतरावे. सर्वांत मोठा धोका मात्र औद्योगिक वसाहतींना वीज पुरवणाऱ्या उच्चदाब वाहिन्यांचा. तारा हवेतून दिसत नाहीत, मनोरे दिसतात. दोन मनोरे दिसले की त्यांच्यामध्ये तार आहे असे धरूनच चालावे लागते. आणखी एक बाब पुस्तकात सापडत नाही. मोशीचा कचरा डेपो आणि हडपसरजवळचा उरुळी देवाची–फुरसुंगी डेपो यांच्यासारख्या ठिकाणी घारींचे थवे गोल फिरत असतात. मायक्रोलाइटच्या काचेला किंवा पंख्याला घार धडकणे ही क्षुल्लक गोष्ट नव्हे.

हवाई हद्द आणि जमीन

आता मूळ प्रश्नाकडे यावे. भोसरीचा तरुण हे शिकणार कोठे? पिंपरी-चिंचवड व चाकण यांच्या माथ्यावरील आकाश मोकळे नाही. लोहगाव हा भारतीय हवाई दलाचा तळ असून प्रवासी विमाने तेथे हवाई दलाच्या नियंत्रणाखालीच ये-जा करतात. सुखोई-३० एमकेआय विमाने २००२ मध्ये याच तळावर हवाई दलात दाखल झाली. पट्ट्याच्या आत व कडेला देहू रोडची छावणी, खडकी व देहू रोडचे आयुध कारखाने, दिघीतील संरक्षण संशोधन संस्था आहेत. अशा आकाशात ताशी शंभर किलोमीटरने जाणाऱ्या हौशी यानाला जागा द्यायची म्हणजे प्रत्येक उड्डाणाची आगाऊ परवानगी, रेडिओ आणि शिस्त हवी. सुरक्षेची भीतीही निराधार नाही. मुंबई पोलिसांच्या प्रतिबंधात्मक आदेशांत ड्रोन व पॅराग्लायडर यांच्या जोडीने मायक्रोलाइटचा उल्लेख वारंवार येत असतो.

दुसरी अडचण जमिनीची. चाकण आणि राजगुरुनगर यांच्या दरम्यान पुण्याचा आंतरराष्ट्रीय विमानतळ व्हावा असा प्रस्ताव अनेक वर्षे चर्चेत होता. बागायती जमिनी जाणार म्हणून शेतकऱ्यांनी त्याला विरोध केला. २०१६ मध्ये प्रस्ताव पुरंदरकडे वळला आणि तेथेही तोच विरोध उभा राहिला. हौशी उड्डाणाची बाजू मांडताना हे विसरून चालणार नाही. मायक्रोलाइटला पाचशे मीटर लांब व साठ मीटर रुंद पट्टी, म्हणजे तीन हेक्टर, सुमारे साडेसात एकर जागा पुरते. मोठ्या विमानतळाच्या तुलनेत ती नगण्य आहे. साडेसात एकरांचाच मालक असलेल्या कुटुंबाच्या दृष्टीने मात्र ती सर्वस्व आहे. त्यामुळे नवी जमीन मागण्यापेक्षा असलेल्या धावपट्ट्यांचा वापर मागणे अधिक न्याय्य, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

अशा जागा पूर्णपणे नाहीत असे नाही. हडपसर येथील ग्लायडिंग केंद्र महासंचालनालयाच्या थेट अखत्यारीत दशकानुदशके चालवले गेले. विंचच्या तारेने ग्लायडर वर खेचून सोडायचे आणि इंजिनाविना परत आणायचे, ही तेथील पद्धत. १९६१ मध्ये प्रथम उडालेले रोहिणी हे भारतात रचलेले दोन आसनी ग्लायडर देशातील अशा शिक्षणासाठीच तयार झाले होते. ग्लायडरवर शिकलेला वैमानिक इंजिन बंद पडल्यावर गांगरत नाही, कारण त्याच्या विमानाला इंजिन कधी नव्हतेच. बारामती व धुळे येथे व्यावसायिक वैमानिक घडवणाऱ्या संस्थांनी धावपट्ट्या वापरल्या आहेत. तेथील शुल्क नोकरीच्या आशेवर आकारलेले असते, छंदाच्या नव्हे. चिंचवडहून तासाभराच्या अंतरावर कामशेत आहे. तेथील डोंगरउतारांवर १९९० च्या दशकापासून पॅराग्लायडिंग शिकवले जात आहे. इंजिन नाही, धावपट्टी नाही. तरी वारा वाचण्याची विद्या तेथे मायक्रोलाइटइतकीच, किंबहुना अधिक, शिकावी लागते.

स्वतः विमान बनवण्याचा मार्गही काहींना मोहात पाडतो, विशेषतः ज्यांच्या हाताखाली लेथ आणि वेल्डिंग यंत्र आहे त्यांना. कांदिवलीतील इमारतीच्या गच्चीवर विमान उभारणारे अमोल यादव यांचे उदाहरण सर्वांना परिचित आहे. त्यांचे विमान मायक्रोलाइट नव्हते, सहा आसनी होते. त्याची नोंदणी २०१७ मध्ये झाली आणि उड्डाणाची परवानगी २०१९ मध्ये मिळाली. यादव स्वतः व्यावसायिक वैमानिक होते, ही बाब वृत्तपत्रे वाचताना अनेकदा नजरेतून निसटते. उडणे न शिकता विमान बनवणे हा उलटा क्रम आहे.

महाविद्यालयांचा सहभाग

सामान्य घरातील विद्यार्थ्यासाठी शासनाच्या खर्चाने उपलब्ध असलेला एक मार्ग आहे आणि तो आपल्याच संस्थांतून जातो. राष्ट्रीय छात्र सेनेच्या हवाई विभागातील छात्रांना मायक्रोलाइटमधून उड्डाणाचा अनुभव दिला जातो. त्यासाठी पूर्वी झेनएअर सीएच-७०१ ही विमाने होती. २०१५ मध्ये संरक्षण मंत्रालयाने स्लोव्हेनियातील पिपिस्ट्रेल कंपनीशी १९४ व्हायरस एसडब्ल्यू-८० विमानांचा करार केला. त्यांतील ११० छात्र सेनेसाठी होती. या अनुभवाने परवाना मिळत नाही. हवाई दलात जायचे की नाही याचा निर्णय घेण्यास मात्र त्याचा उपयोग होतो, आणि ज्याला जायचे नाही त्यालाही शेजारी शिक्षक बसलेला असताना दांडी हातात धरता येते. औद्योगिक पट्ट्यातील कितीतरी महाविद्यालयांत छात्र सेनेचा केवळ भूदल विभाग आहे. हवाई विभागासाठी मागणी करणे, त्यासाठी एका प्राध्यापकाने सहयोगी अधिकाऱ्याचे प्रशिक्षण घेणे, यास कोणत्याही नव्या कायद्याची गरज नाही.

मायक्रोलाइटची क्षमता थोडी नाही, हे अशा छात्रांना सांगण्यासारखे आहे. उद्योगपती विजयपत सिंघानिया यांनी १९८८ मध्ये इंग्लंडहून भारतापर्यंतचा प्रवास मायक्रोलाइटने २३ दिवसांत केला. हवाई दलाचे विंग कमांडर राहुल मोंगा व अनिल कुमार यांनी १ जून ते १९ ऑगस्ट २००७ या काळात मायक्रोलाइटमधून पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली.

चार लेखी विषयांचे वर्ग तर कोणत्याही महाविद्यालयात होऊ शकतात. हवामानशास्त्र भूगोल विभागाने शिकवावे, उड्डाणाचे बलविज्ञान भौतिकशास्त्राने, इंजिन यंत्र अभियांत्रिकीने, नियम विधी विभागाने. त्यासाठी विमान लागत नाही. घनता-उंचीचे गणित आपल्या गच्चीवरील तापमापकावरून रोज सोडवता येते. लोहगावचे हवामान वृत्त सांकेतिक भाषेत दर अर्ध्या तासाला प्रसिद्ध होते व ते वाचायला आठवडाभरात शिकता येते. प्रस्तुत लेखकाने असा बारा तासांचा एक छोटा वर्ग शनिवारी घेऊन पाहिला. सुरुवातीला आलेल्यांपैकी निम्मे चौथ्या शनिवारनंतर आले नाहीत, कारण त्यांना व्यावसायिक परवान्याची माहिती हवी होती. जे राहिले त्यांत दोन जण कारखान्यात पाळीवर काम करणारे होते.

ज्याने पहिला प्रश्न विचारला तो विद्यार्थी त्या दोघांपैकी एक. शुल्कासाठी साठवलेले पैसे बहिणीच्या लग्नात खर्च झाल्याने त्याचे इंजिनचे शिक्षण अद्याप सुरू झालेले नाही. सुटीच्या दिवशी तो कामशेतला जातो, आणि वारा अनुकूल नसेल तर इतरांचे छत्र घडी करून देतो. गेल्या हिवाळ्यात त्याने विचारले की पहाटे सहा वाजता चिखलीला धुके असते तेव्हा चाकणला ऊन कसे असते. त्याचे उत्तर देण्यासाठी आम्ही दोघांनी भूगोल विभागातून समोच्च रेषांचा नकाशा मागवला आहे.